हजेरी पूर्ण, मी मात्र आतच: मॉक ड्रिल करून देणाऱ्या एका सेवेचा अनुभव

पाचपैकी साडेतीन. दीड कशासाठी कापला ते सांगणारच आहे, पण आधी साडेतीन का दिले ते.

मी आमच्या कंपनीत प्रशासन विभाग सांभाळते. नऊ मजली इमारत, त्यातला चौथा, पाचवा आणि सहावा मजला आमचा, बाकी मजल्यांवर दुसऱ्या कंपन्या. आमची माणसं तीनशेच्या आसपास. शिवाय हाउसकीपिंग, सिक्युरिटी, एसीवाले आणि रोजचे दहा-वीस व्हिजिटर. खुर्च्यांपासून वीजबिलापर्यंत जे कुणाचंच नसतं ते माझं, त्यामुळे फायर ड्रिलही माझंच. सहा वर्षं मी ते घेत आले आणि सहाही वर्षं ते छान पार पडलं. पद्धत ठरलेली. आठवडाभर आधी सगळ्यांना मेल: अमुक तारखेला, सकाळी अकरा वाजता. अकराला पाच कमी असताना निम्मे लोक बॅगा आणि मोबाइल घेऊन जिन्याशी तयार. हूटर वाजला की गप्पा मारत खाली, पार्किंगमध्ये फोटो, रजिस्टरवर सह्या, लिफ्टने वर. फाइलला फोटो लागले की पुढच्या वर्षापर्यंत चिंता मिटली.

मग एका ग्राहकाकडून ऑडिटर आला. त्याने फाइल चाळली आणि 'आढळलेल्या त्रुटी' या रकान्यावर बोट ठेवलं. सहाही वर्षं माझ्याच अक्षरात एकच शब्द: निरंक. तो काही बोलला नाही, नुसता हसला. त्या हसण्याचा मला इतका राग आला की त्याच आठवड्यात मी बाहेरून हे काम करून देणाऱ्या तीन-चार संस्थांना मेल टाकले.

बाकीच्यांनी लगेच कोटेशन पाठवलं. एका संस्थेने उलट विचारलं, "जागा बघितल्याशिवाय काय सांगणार?" तीच घेतली. सहा महिन्यांचं काम: आधी पाहणी, मग टेबलाभोवती बसून एक चर्चा-सराव, वॉर्डनचं (म्हणजे आग लागली की आपापल्या मजल्यावरची माणसं बाहेर काढायची जबाबदारी ज्यांच्यावर, त्या कर्मचाऱ्यांचं) प्रशिक्षण, अग्निशामक हाताळायचा सराव, दोन ड्रिल आणि शेवटी अहवाल. येणारी माणसं तीन. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक अधिकारी (आम्ही त्यांना सरच म्हणायचो), हातात पॅड घेऊन सतत काहीतरी टिपणारी एक तरुण मुलगी, आणि अलार्मचं पॅनल बघणारा एक जण.

पाहणीच्या दिवशी मी नकाशे, प्रमाणपत्रं, फाइली असं सगळं टेबलावर मांडून बसले होते. सरांनी ढुंकूनही बघितलं नाही. म्हणाले, "आधी जिना दाखवा." सहाव्या मजल्यावरून खालपर्यंत ते प्रत्येक दार स्वतः ढकलत उतरले. चौथ्या मजल्यावर जिन्याचं फायर डोअर उघडं राहावं म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी सारलेली होती. ती मी रोज बघत होते आणि वारा येतो म्हणून मनातल्या मनात बरंही वाटत होतं. सरांनी घडी काढून माझ्या हातात दिली. "मॅडम, हे दार धूर अडवायला आहे. उघडं ठेवलं की जिन्याचं धुराडं होतं." मागच्या जिन्याच्या तळाशी बाहेर पडायच्या दाराला कुलूप. किल्ली सिक्युरिटीच्या काकांकडे, आणि काका पुढच्या गेटवर. चोरी होऊ नये म्हणून मीच लावायला सांगितलेलं कुलूप होतं ते. तिथे उभ्या उभ्या त्यांनी न्यू यॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याची हकीकत सांगितली. २५ मार्च १९११, दहा मजली इमारतीचे वरचे तीन मजले, नवव्या मजल्यावर एका जिन्याचं दार कुलूपबंद. कामगार सामान चोरतील या भीतीने. १४६ माणसं गेली, बहुतेक तरुण मुली. अग्निशमन दल आलं, पण शिड्या सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होत्या. "कुलूप लावणाऱ्याचंही कारण तुमच्यासारखंच होतं," इतकंच म्हणून ते पुढे गेले. कुलूप त्याच दिवशी निघालं. आता तिथे आतून दांडा ढकलला की उघडणारं आणि उघडलं की बोंब मारणारं दार आहे.

अजून एक गोष्ट, जी मला आयुष्यात सुचली नसती. लिफ्टजवळ भिंतीवर 'तुम्ही इथे आहात' असा नकाशा लावलेला असतो ना, तो आमच्या पाचव्या मजल्यावर उलटा होता. म्हणजे कागद सरळच, अक्षरं नीट वाचता येणारी, पण नकाशात जिना डावीकडे आणि समोर उभं राहिलं की प्रत्यक्षात उजवीकडे. एकच नकाशा छापून समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर लावला होता, त्याचा हा प्रताप. सर म्हणाले, बघणारा ज्या दिशेला तोंड करून उभा आहे त्याच दिशेने नकाशा काढायचा असतो. सहा वर्षांत तीनशे माणसांपैकी एकानेही हे सांगितलं नव्हतं. नकाशा कुणी वाचतच नव्हतं, हा त्याचा दुसरा अर्थ.

वॉर्डनच्या यादीत नऊ नावं, त्यातल्या चौघांनी कंपनी सोडलेली. जमायची जागा पार्किंगमध्ये, म्हणजे आगीचा बंब जिथून आत येणार बरोबर तिथेच, वर काचेची भिंत. काच फुटली तर कुणाच्या डोक्यावर पडणार हे विचारायची गरजच उरली नाही.

चर्चा-सराव हा मला सगळ्यात कंटाळवाणा प्रकार वाटला होता आणि तोच सगळ्यात झोंबला. मीटिंग रूममध्ये आम्ही आठ जण: मी, आयटीचे प्रमुख, एचआर, सिक्युरिटीचे सुपरवायझर काका, इमारतीचा इलेक्ट्रिशियन वगैरे. सरांनी फळ्यावर एक ओळ लिहिली. 'मंगळवार, दुपारी ३.१०. पाचव्या मजल्यावरच्या सर्व्हर रूमच्या दाराखालून धूर.' मग शांतपणे विचारलं, "अग्निशमन दलाला फोन कोण करणार?" मी काकांकडे बघितलं. काकांनी माझ्याकडे. आयटीवाल्यांनी इलेक्ट्रिशियनकडे. शेवटी काका म्हणाले, "सर, आम्हाला सांगितलंय की आधी मॅडमना विचारायचं."

"मॅडम रजेवर आहेत. आता?"

"मोबाइल लावणार."

"उचलत नाहीत. विमानात आहेत."

काका गप्प. मी हसले आणि मग मलाही हसू येईना. 'उगाच बंब आला तर बोलणी बसतील' म्हणून कधीतरी मीच सोडलेला तो हुकूम होता. दोन तासांत फळा भरला. सर्व्हर रूमची वीज कोण तोडणार, व्हिजिटरची यादी कुणाच्या हातात, सातव्या मजल्यावरच्यांना कोण कळवणार. त्या दिवशी एक कागद तयार झाला, एकाच पानाचा, आणि त्यावर प्रत्येक कामापुढे एक नाही, दोन नावं. धूर किंवा आग दिसली की फोन ज्याला दिसली त्याने करायचा, कुणालाही न विचारता. एवढं एक वाक्य लिहायला आम्हाला बाहेरून माणूस आणावा लागला!

वॉर्डनच्या प्रशिक्षणाबद्दल फार लिहीत नाही, ठीक होतं. अग्निशामक हाताळायचा सराव मात्र झकास. मोकळ्या जागेत लोखंडी ट्रेमध्ये आग पेटवून चाळीस जणांना एकेक करून पुढे बोलावलं. अकाउंट्समधली एक मुलगी, कामात अगदी चोख. तिने सिलिंडर उचलला, नळी रोखली, दांडा दाबला आणि काहीच होईना. पिन काढायची राहिली होती. लक्षात आल्यावर ती दांडा तसाच घट्ट आवळून पिन ओढायला लागली, तर पिन हलेना. सर मागून म्हणाले, "मूठ सैल सोड, मग ओढ." दांडा दाबलेला असला की पिन आत अडकते. वाचून हे कधी कळलं नसतं, एकदा हाताला कळलं की विसरायचं नाव नाही. दुसरी गोष्ट सिलिंडर किती वेळ चालतो याची. आम्हा सगळ्यांना वाटायचं दोन-तीन मिनिटं तरी. छोटे सिलिंडर काही सेकंदांत संपतात, पंधरा-वीस म्हणजे डोक्यावरून पाणी. म्हणून पाठीमागे बाहेर पडायची वाट ठेवून उभं राहायचं, नळी ज्वाळांवर न धरता आगीच्या बुडाशी धरायची, आणि सिलिंडर संपला तरी आग असेल तर दार ओढून घेऊन निघायचं. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचं भोंग्यासारखं तोंड उघड्या हाताने धरलं तर गारठ्याने कातडी भाजल्यासारखी होते, हेही तिथेच कळलं. आमच्या सर्व्हर रूममध्ये नेमके तेच आहेत.

पहिलं ड्रिल. आठवडा सांगितला होता, दिवस आणि वेळ नाही. ती तरुण मुलगी पाचव्या मजल्यावर एका कोपऱ्यात स्टॉपवॉच घेऊन बसलेली. हूटर वाजला. नंतर तिची टिपणं वाचली तेव्हा मला माझ्याच ऑफिसचं चित्र दिसलं. पहिली वीस सेकंदं कुणाचीही मान वर नाही. मग माना वर, एकमेकांकडे. एक जण: "टेस्टिंग असेल." एक जण उरलेली मेल पुरी करतो. एकीने लॅपटॉप नीट शट डाउन केला, चार्जर गुंडाळला, बॅगेत ठेवला, बॅगेची चेन लावली. पहिला माणूस जिन्याच्या दाराशी पोचला तो दोन मिनिटं दहा सेकंदांनी. सर म्हणाले, लोक घाबरून किंचाळत धावतात ते सिनेमात. खऱ्या आगीतही बहुतेक लोक आधी एकमेकांचं तोंड बघतात. उतरायला फार वेळ लागत नाही, उठायला लागतो.

त्यावर त्यांनी रिक रेस्कोर्ला यांचं उदाहरण दिलं. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या दक्षिण मनोऱ्यात मॉर्गन स्टॅनली कंपनीचे सुरक्षाप्रमुख. १९९३ मध्ये तिथेच झालेल्या बॉम्बस्फोटानंतर ते कंपनीतल्या सगळ्यांकडून, वरिष्ठांकडूनसुद्धा, पुन्हा पुन्हा जिना उतरवून घ्यायचे. लोक वैतागायचे. ११ सप्टेंबर २००१ ला शेजारच्या मनोऱ्यावर विमान आदळलं तेव्हा दक्षिण मनोऱ्यात लाउडस्पीकरवरून सांगण्यात आलं की ही इमारत सुरक्षित आहे, जागेवर परत जा. रेस्कोर्लांनी ते ऐकलं नाही आणि आपल्या माणसांना उतरवायला सुरुवात केली. कंपनीची सुमारे २,७०० माणसं होती, त्यातली जवळजवळ सगळी बाहेर पडली. मागे राहिलेल्यांना आणायला ते परत वर गेले आणि आलेच नाहीत. हे ऐकताना मीटिंग रूममध्ये टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. 'दर तिमाहीला ड्रिल म्हणजे अतीच होतं' असं आठवडाभर म्हणत असलेले आमचे सेल्सचे प्रमुख त्यानंतर त्या विषयावर बोललेले नाहीत.

पहिल्या ड्रिलला शेवटचा माणूस बाहेर पडायला नऊ मिनिटं पन्नास सेकंद लागली. मी खूश होते, दहाच्या आत आलो म्हणून. सरांनी दुसरा आकडा दाखवला: आत कुणी राहिलेलं नाही हे खात्रीने सांगायला लागलेला वेळ, एकतीस मिनिटं. "बंब आला की अधिकारी तुम्हाला एकच प्रश्न विचारणार. आत कोण आहे? एकतीस मिनिटं तो तुमच्या उत्तराची वाट बघत उभा राहणार का?" दाराच्या पंच मशिनची यादी निघाली २६८ जणांची. खाली २४१. मधली सत्तावीस माणसं कुठे? काही मागच्या गेटने सिगारेट ओढायला गेलेली. काही शेजारच्या कंपनीच्या घोळक्यात. आणि उलट बाजूने, खाली उभी असलेली काही माणसं यादीतच नव्हती. हाउसकीपिंगच्या मावशी ठेकेदाराच्या वहीत सही करतात, आमच्या मशिनवर नाही. त्यांच्यातली एक जण सहाव्या मजल्यावरच्या टॉयलेटमध्ये फरशी घासत होती. एक्झॉस्ट फॅनच्या आवाजात तिला हूटर ऐकूच आला नव्हता. ड्रिल संपून लोक लिफ्टने वर आले तेव्हा ती बादली घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "सगळे कुठं गेलावता?" पॅनलवाल्याने मग मीटर लावून आवाज मोजत सगळे कोपरे फिरून काढले. फायर अलार्मच्या ब्रिटिश मानकात, बीएस ५८३९ मध्ये, साधारण ६५ डेसिबल किंवा आजूबाजूच्या गोंगाटापेक्षा ५ डेसिबल जास्त आवाज पोचावा असं आहे. त्या टॉयलेटमध्ये दार बंद करून फॅन लावला तर हूटरचा आवाज फॅनच्या आवाजापेक्षा कमीच भरत होता. तिथे आता वेगळा हूटर आणि लुकलुकणारा दिवा आहे.

आता दुसरं ड्रिल, ज्यासाठी मी हा सगळा खटाटोप पुन्हा करीन. या वेळी आठवडासुद्धा सांगितला नव्हता. मला फक्त महिना माहीत. सरांनी पुढचा, लिफ्टजवळचा जिना पाचव्या मजल्यावर 'बंद' केला. लाल फीत बांधली आणि आमच्याच इलेक्ट्रिशियनला हातात पाटी देऊन उभं केलं: 'इथे धूर आहे.' मागचा जिना मोकळा. काय व्हावं? लोक फितीपाशी येऊन त्याच्याशी हुज्जत घालायला लागले. "अहो बाजूला व्हा ना, ड्रिल चालू आहे, आम्हाला खाली जायचंय." तो बिचारा पाटी वर करून दाखवतोय आणि लोक पाटीच्या खालून वाकून जातायत. चौदा जण धुरातून गेले, त्या मुलीच्या पॅडवर मोजून चौदा. त्यात दोन मॅनेजर. मागचा जिना आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण रोज आपण ज्या दाराने येतो त्याच दाराकडे पाय वळतात. २००३ मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधल्या स्टेशन नाइटक्लबला आग लागली तेव्हाही बहुतेक लोक ज्या दाराने आत आले त्या पुढच्या दाराकडेच गेले आणि तिथे अडकले. शंभर माणसं दगावली.

विमान बनवणाऱ्या कंपन्यांना हे कधीचं ठाऊक आहे. मोठ्या प्रवासी विमानाचं नवं मॉडेल मंजूर करून घ्यायचं तर निम्मे दरवाजे बंद ठेवून, अंधारात, ९० सेकंदांत सगळ्यांना उतरवून दाखवावं लागतं. कुठले दरवाजे उघडतील हे आतल्यांना माहीत नसतं. २००६ मध्ये एअरबस ए-३८० ची अशी चाचणी झाली, ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर. त्यात एकाचा पाय मोडला, हेही सरांनीच सांगितलं. आमच्याकडे एकीचा घोटा मुरगळला, जिन्याच्या कडेला लावलेली रबरी पट्टी सुटली होती त्यात अडकून. अचानक ड्रिल घ्यायचं तर गरोदर बायका, हृदयविकार असलेले, नुकतं ऑपरेशन झालेले यांना आधी गुपचूप सांगून ठेवावं आणि जिना आदल्या दिवशी तपासावा. पहिलं त्यांनी केलं होतं, दुसरं नाही.

आणि त्याच ड्रिलमध्ये सरांनी मला लपवलं. हूटरच्या दोन मिनिटं आधी पाचव्या मजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये नेलं, म्हणाले, "खाली बसा, मोबाइल बंद करा, हाक आली तरच ओ द्या." जुन्या फाइलींच्या रॅकमध्ये मी जमिनीवर बसले. हूटर सुरू झाला, बाहेर पावलांचा आवाज, कुणीतरी हसलं, मग पावलं दूर गेली. माझ्या हातात घड्याळ होतं. वॉर्डनने प्रत्येक खोलीचं दार उघडून आत डोकावायचं आणि 'बघितली' म्हणून दारावर खूण करायची, असं प्रशिक्षणात ठरलं होतं. सहा मिनिटं. आठ मिनिटं. रेकॉर्ड रूमचं दार कुणी उघडलं नाही. आत कोण असणार, कुलूपच असतं तिथे बहुधा. हूटर थांबल्यावर आलेली शांतता मला अजून आठवते. एसीसुद्धा बंद होता. अकराव्या मिनिटाला मला खरोखरच बाहेर जावंसं वाटायला लागलं. एकोणिसाव्या मिनिटाला सर स्वतः आले, हातात हजेरीचा कागद. म्हणाले, "अभिनंदन. हजेरी पूर्ण." खाली सगळ्यांची गणती जुळली होती. माझ्या नावापुढे ठसठशीत बरोबरची खूण.

ती खूण एचआरच्या मुलीने केली होती. बिचारी रडवेली झाली. म्हणाली, "मॅडम, ड्रिल तुमचंच, तुम्ही असणारच असं वाटलं." माझ्या नावापुढच्या त्या खुणेचा झेरॉक्स मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. तेव्हापासून नियम असा की नाव पुकारायचं, माणसाने स्वतः ओ द्यायची, डोळ्यांनी बघायचं आणि मगच खूण. पुढचं ड्रिल आम्ही त्यांच्याशिवाय, आमचं आम्ही घेतलं. गणती सात मिनिटांत झाली आणि लपवलेला माणूस चौथ्या मिनिटाला सापडला.

आता कापलेला दीड.

अर्धा अहवालासाठी. पाच आठवडे उशिरा आला, चौसष्ट पानांचा. त्यातली चाळीस पानं कुणालाही पाठवता येतील अशी, आग म्हणजे काय, आगीचे प्रकार वगैरे. एकतिसाव्या पानावर आमच्या बॉयलर रूमबद्दल कडक शेरे आहेत. आमच्याकडे बॉयलर नाही. शेवटच्या नऊ पानांत त्या मुलीची सेकंदासेकंदाची टिपणं आहेत, ती सोन्यासारखी. मी तेवढीच वेगळी काढून ठेवली. याच अर्ध्यात त्यांचं ॲपही धरा. जमायच्या जागी क्यूआर कोड स्कॅन करून हजेरी. अडीचशे माणसं एकाच वेळी, नेटवर्क गायब, त्यात ओटीपी. पाचव्या मिनिटाला वॉर्डननी मुकाट्याने कागद-पेन काढलं.

अर्धा शेजाऱ्यांना न कळवल्यासाठी. दुसऱ्या ड्रिलला त्यांनी कृत्रिम धुराचं यंत्र आणलं होतं. सातव्या मजल्यावरच्या कंपनीला सांगायचं त्यांच्याकडून राहिलं, आणि आमच्याच एका दम्याच्या सहकाऱ्यालाही. त्याला खोकल्याची उबळ आली, बराच वेळ बाहेर बसवावं लागलं. सातव्या मजल्यावरच्या एका क्लार्कने खिडकीतून धूर बघून थेट अग्निशमन दलाला फोन लावला. सरांनी आधी दलाला कळवून ठेवलं होतं म्हणून बंब निघाला नाही. सातव्या मजल्यावरच्यांनी मला चांगलंच सुनावलं, आणि ते योग्यच होतं. पण एक सांगू? त्या दिवशी पूर्ण इमारतीत न विचारता, न थांबता फोन करणारा तो एकटाच होता.

उरलेला अर्धा सगळ्यात जड. आमचा एक सहकारी व्हीलचेअर वापरतो, सहाव्या मजल्यावर बसतो. आधीच्या सहाही वर्षी ड्रिलच्या दिवशी मी त्याला 'घरून काम कर' सांगायचे. मला तो समजूतदारपणा वाटायचा. सरांनी पहिल्याच भेटीत त्याला विचारलं, "तुम्हाला कसं उतरवायचं ते तुम्हीच सांगा," आणि त्याने पंधरा मिनिटं सांगितलं. कुठे धरायचं, कुठे धरायचं नाही, बेल्ट कसा लागतो. हे मला फार आवडलं. जिन्यावरून घसरत उतरणारी खास खुर्ची आणली गेली, दोन माणसं नेमली. पण प्रत्यक्ष सरावात खुर्चीत बसवलं ते त्या टिपणं घेणाऱ्या मुलीला. तो बघत होता. शेवटी म्हणाला, "तिचं वजन पंचेचाळीस, माझं ब्याण्णव. हिला उतरवता आलं, उत्तम. मला कधी उतरवणार?" त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, वेळ संपली होती. नंतर आमच्याच दोघांनी, त्याच्या सांगण्याप्रमाणे, त्याला उतरवलं. सहा मजले, प्रत्येक वळणावर थांबत, अकरा मिनिटं. त्यातून कळलं की दोन माणसं पुरत नाहीत, चार लागतात, आलटून पालटून.

रात्रपाळीचं तर राहूनच गेलं. आमची बावीस माणसं रात्री काम करतात, तेव्हा सिक्युरिटीला एकच जण, वॉर्डन कुणीच नाही, मी घरी. त्यांच्या करारात ड्रिल फक्त दिवसा. सही करताना मीही ते वाचलं नाही, म्हणून याचे गुण कापत नाही.

फाइलला फोटो हवेत एवढ्यासाठी ही सेवा घेऊ नका, त्याला माझी जुनी पद्धत पुरेशी आहे. वीस-पंचवीस माणसांचं ऑफिस असेल तर कुणाला बोलवायचीही गरज नाही. न सांगता एक जिना बंद करा, एकाला रेकॉर्ड रूममध्ये बसवा, स्टॉपवॉच लावा. मोठी जागा, बरेच मजले, ठेकेदाराची माणसं असतील तर बोलवा, आणि सही करण्याआधी चार गोष्टी लिहून घ्या: अहवाल किती दिवसांत, रात्रीचं ड्रिल, शेजाऱ्यांना कोण कळवणार, आणि खुर्चीचा सराव ज्याच्यासाठी खुर्ची आहे त्याच्यासह.

मी करार पुढे चालू ठेवलाय, ॲप वगळून. पुढचं ड्रिल रात्रीचं आहे. तारीख ठरली की मला कळवतो असं त्यांचं उत्तर आलं होतं. मलाही कळवू नका, असं मी उलट लिहून टाकलंय.